हवा, चैन, तेल, स्टँड

सकाळी घराच्या फाटकाबाहेर आणि संध्याकाळी दवाखान्याच्या फाटकाच्या आत, दिवसातून दोनदा तरी यादवराव मेश्राम हे चार शब्द म्हणायचे. मोठ्यानं नाही, पण ओठ हललेले दिसायचे. प्रत्येक शब्दाला हात किंवा पाय ठरलेला. 'हवा' म्हणताना पुढचं चाक अंगठ्यानं दाबायचं. 'चैन' म्हणताना वाकून साखळी एका बोटावर उचलायची. 'तेल' म्हणताना इंजिनाच्या छोट्या काचेत डोकावायचं. आणि 'स्टँड' म्हणताना डाव्या पायाकडे बघायचं. मग गाडी हलायची. मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून.

"भाऊ, जप झाला का?" आमचा वॉचमन रोज विचारायचा.

"झाला. तुले पायजे का परसाद?"

तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ भागातल्या एका सरकारी दवाखान्यात ते लॅब टेक्निशियन होते आणि मी ज्युनियर असिस्टंट. वयानं माझ्या बापाएवढे, पण सगळे त्यांना यादवभाऊ म्हणायचे. तेलुगू सिस्टर 'यादव अन्ना' म्हणायच्या. मला ते नावानं हाक मारत नसत. 'बी.कॉम.' म्हणायचे. पहिल्या दिवशी मीच सगळ्यांना सांगितलं होतं की तामसीकडच्या आमच्या वस्तीत डिग्री घेतलेला मी पहिला, आमच्या घरात तर शाळेची पायरी चढलेलाही मीच पहिला. खोटं नव्हतं. माझी माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची आणि मी खुर्चीवर बसून रजिस्टर लिहीत होतो. ते मी का सांगू नये? यादवभाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेस झालं. मंग बी.कॉम., या नळीवरचं नाव वाचून दाखव बरं." अक्षर सिस्टरचं होतं, मला वाचता आलं नाही. नाव मात्र तेव्हापासून चिकटलं.

त्यांची गाडी सगळ्या मंडळात, म्हणजे तालुक्यात, ओळखीची होती. उंच, काटकुळी, तारांची चाकं, पुढचे शॉक हातभर लांब, मागे दोन्ही बाजूंना लोखंडी कॅरियर. डोंगरात, नदीनाल्यात, लांबच्या प्रवासाला चालवायची गाडी. आमच्याकडे तिला उंट म्हणायचे. यादवभाऊ दर दोन-तीन वर्षांनी रजा टाकून त्या उंटावर बिऱ्हाड बांधायचे आणि एकटेच जायचे. एकदा लडाखला जाऊन आले. सगळे चहाच्या टेबलाभोवती जमले, काय पाहिलं, कसं होतं विचारायला. ते एवढंच म्हणाले, "तिकडं हवा पातळ हाय. चढावर गाडी धापा टाकते. हिमोग्लोबिन कमी असल्यावानी."

गाडीबद्दल ते असंच बोलायचे. कार्बोरेटरला खोकला. बॅटरीला अशक्तपणा. इंजिनातलं जुनं तेल काढलं की दोन बोटांत घासून, वास घेऊन, उजेडाकडे धरून बघायचे, लॅबमध्ये नमुना बघतात तसं. त्या गाडीच्या स्टँडची स्प्रिंग फार वर्षांपूर्वी तुटली होती. त्यांनी सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापून तिच्यानं स्टँड वर अडकवायची सोय केली. रोज वाकून हातानं अडकवायचं, हातानं सोडायचं. नवी स्प्रिंग शंभर ठिकाणी मिळाली असती. म्हणायचे, "राहू दे. वाकावं लागते म्हणून लक्ष राह्यते."

लॅबच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर दुधाचे खाडे नव्हते की सुट्ट्या नव्हत्या. काही तारखांवर लाल पेनानं बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं आणि प्रत्येकाच्या शेवटी दोन शब्द: 'चूक माझी.' नमुना सांडला, चूक माझी. मशीन तपासायचं राहिलं, चूक माझी. बहुतेक सगळं त्यांच्याच हातचं.

मी लागल्यावर दोन-तीन महिन्यांत एकाच गावच्या दोन सुनीता एकाच दिवशी आल्या आणि मी रिपोर्ट अदलाबदल करून दिले. एकीला नसलेली कावीळ सांगितली गेली. डॉक्टर मॅडमनी पकडलं म्हणून निभावलं. मी म्हणालो, सिस्टरनं कागद तसेच दिले होते. चहाच्या वेळी सगळे जमल्यावर यादवभाऊंनी खिशातून लाल पेन काढून माझ्यासमोर ठेवला.

"कॅलेंडर तिकडं हाय, बी.कॉम."

"भाऊ, मी सांगितलं ना, सिस्टरनं..."

"नाव वाचून देणं कोणाचं काम व्हतं?"

सगळे बघत होते. मी उठलो आणि लिहिलं. अक्षर थरथरलं. त्या दिवशी मला त्यांचा जो राग आला, तो मी पुढे बरीच वर्षं सांभाळला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तो कामाला आला.

रिटायर व्हायला वर्ष-सव्वा वर्ष उरलं असताना उंटाचे सुटे भाग मिळेनासे झाले. कंपनीनं ते मॉडेल बंद करून नवं काढलं होतं. आदिलाबादच्या शोरूममध्ये ते उभं होतं. यादवभाऊ तीनदा बघून आले. तिसऱ्या वेळी मी सोबत होतो. ते शोरूमच्या चकचकीत फरशीवर उताणे झोपून गाडीच्या पोटाखाली बघत होते. सेल्समन पोरगा अवघडला होता.

"अंकल, ये थोडी ऊँची पड़ेगी आपको. स्कूटर भी है हमारे पास."

यादवभाऊ खालूनच म्हणाले, "बेटा, मैं बीस साल से ऊँचाई पे ही बैठा हूँ. उतरना कठीण है."

नव्या गाडीला कार्बोरेटर नव्हता. पाण्यानं थंड होणारं इंजिन. समोर मोबाइलएवढा पडदा, त्यावर सगळं लिहून यायचं: तेल, बॅटरी, गियर. ब्रेक दाबला तर चाक घसरू न देणारी यंत्रणा. आणि स्टँड खाली असताना गियर टाकला तर इंजिन आपोआप बंद. पोरानं ते करून दाखवलं. यादवभाऊंनी मान हलवली. "म्हंजे माणसानं पाह्यलं नाही तरी चालते."

"हाँ अंकल, आपको कुछ देखना ही नहीं."

त्यांनी गाडी घेतली. उंट मला दिला. विकला म्हणत नसत, ताब्यात दिला म्हणायचे. अट एकच, हलवण्याआधी चार शब्द म्हणायचे. त्यांनी मला फाटकापाशी उभं करून, कवायत घ्यावी तसे ते आठ दिवस म्हणवून घेतले. वॉचमन म्हणायचा, "गादी चेल्याकडं आली."

आणि स्वतः त्यांनी म्हणणं सोडलं. एकदम नाही. आधी तेल सुटलं, पडदा सांगतो म्हणून. मग हवा. मग एका संध्याकाळी मी बघितलं, ते आले, बसले, बटण दाबलं, टाच मागे मारून स्टँड उडवला आणि गेले. स्टँडची स्प्रिंग नवी कोरी होती, खट्‌ आवाज करून वर जायची. त्यांना तो आवाज आवडायचा. फाटकापाशी मात्र रोज मला विचारायचे, "म्हणला का?"

त्या पावसाळ्यात हायवेवरून आमच्याकडे येणाऱ्या रस्त्यावर पुलाचं काम चालू होतं. शेजारच्या वावरातून काढलेला कच्चा वळणरस्ता दोन दिवसांच्या पावसानं बसला. त्यावरून गुडघाभर पाणी आणि दोन्ही बाजूंना काळ्या मातीचा राडा. चारचाकी जाईना. अँब्युलन्स पलीकडे अडकून होती. अशा दिवशी सुनंदा नावाची एक बाई बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. सोबत तिचा भाऊ, गजानन, पंचविशीतला, भाजीपाला लावणारा माणूस. डॉक्टर मॅडम बाहेर आल्या, हातमोजेसुद्धा काढले नव्हते.

"दो बॅग चाहिए. इसको इस रास्ते से भेज नहीं सकती मैं."

यादवभाऊंनी तिच्या रक्ताचा नमुना घेतला, गार डबा कॅरियरला बांधला आणि एक वाजता निघाले. नवी गाडी पाण्यात शिरून पलीकडे निघाली, असं पुलावरच्या कामगारांनी नंतर सांगितलं. आदिलाबादला रक्त जुळवून घेतलं, दोन पिशव्या डब्यात ठेवल्या. पावणेचारला त्यांचा फोन आला: "हायवेवरून वळलो. अर्ध्या तासात पोचतो. मॅडमले सांग."

मी मॅडमना सांगितलं. गजाननला सांगितलं. तो उकिडवा बसला होता, उठून फाटकात जाऊन उभा राहिला.

सव्वाचार झाले. साडेचार झाले. मी फोन लावला, लागला नाही. मॅडम दोनदा बाहेर येऊन माझ्याकडे बघून आत गेल्या. गजानन दर पाच मिनिटांनी म्हणायचा, "सर, अर्धा तास म्हणले ना ते?" मी म्हणायचो, "येऊन राह्यले." पाचला दहा कमी असताना फोन वाजला.

"बी.कॉम., उंट घेऊन ये. राड्याच्या अलीकडं हाय मी. गाडी गियरमध्ये टाकली की बंद पडते."

मी फाटकापाशी चार शब्द म्हटले. घाईतही म्हटले, जीभ आपोआप वळली. ट्यूबची पट्टी अडकवली आणि निघालो. नऊ-दहा किलोमीटर. उंटाचा मागचा टायर प्रत्येक वळणावर सरकत होता आणि मी पहिल्यांदाच देवाला नाही, गाडीला विनवत होतो.

ते रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसले होते. सीट उघडलेली, वायरी बाहेर, फ्यूज रुमालावर ओळीनं मांडलेले. हात काळे. मला बघून उठले नाहीत.

"पाणी गेलं वायरिंगमध्ये. पाच मिन्टांत निघते म्हणलं, निघतच नाही. सुरू व्हते, गियर टाकला की मरते. डबा घे, डबा."

डबा उजवीकडच्या कॅरियरला होता आणि त्याचा पट्टा खालून डावीकडे आणून बांधलेला. तो सोडायला मी डावीकडे खाली बसलो. डोळ्यांसमोर स्टँड होता. पूर्ण वर गेला नव्हता. दोन बोटं खाली लोंबत होता, आणि तो आणि गाडी यांच्यामध्ये लिंबाएवढा काळ्या मातीचा गोळा अडकला होता. राडा ओलांडल्यावर डब्यातला बर्फ बघायला ते उतरले असणार, स्टँड मातीत रुतला असणार, आणि निघताना टाच मारली तेव्हा मातीसकट वर आला. गाडीला वाटत होतं स्टँड खाली आहे. गाडीचं काही चुकत नव्हतं.

मी तोंड उघडलं.

"काय पाहून राह्यला? निघ."

मी निघालो. डबा बांधला, किक मारली, निघालो. आता जे लिहितो ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. परतीच्या रस्त्यावर, मागे दोन पिशव्या असताना, तिकडे एक बाई मरणाच्या दारात असताना, माझ्या मनात एका कोपऱ्यात बरं वाटत होतं. मला ते कॅलेंडर आठवत होतं.

मॅडमनी डबा माझ्या हातातून अक्षरशः ओढला. दहा मिनिटांनी यादवभाऊंचा फोन आला. "पोचलं का?"

"पोचलं. लावून राह्यले."

"बेस." तेव्हा मी सांगू शकलो असतो. मी फोन ठेवला.

सहा-साडेसहाला ते आले, स्वतःच्या गाडीवर, इंजिन व्यवस्थित चालू. ओसरीत आम्ही सगळे होतो. एक पिशवी संपली होती, दुसरी चालू होती, आणि मॅडम म्हणाल्या होत्या की अजून काही सांगता येत नाही. कंपाउंडर म्हणाला, "नव्या गाड्यांचं असंच राह्यते भाऊ, सेन्सर हाय न सगळं." मॅडमनीही दारातून तेच म्हटलं, गजाननला ऐकू जाईल असं: "मशीन है. मशीन खराब हो गई थी." त्या त्यांना वाट काढून देत होत्या. आठ महिने राहिले होते त्यांच्या रिटायरमेंटला. कुणी वरपर्यंत तक्रारीची दरख्वास्त दिली असती तर पेन्शन लटकली असती. सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही.

गजानन त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "काऊन उशीर झाला?"

यादवभाऊंनी हेल्मेट काढून पायरीवर ठेवलं.

"गाडी चांगली व्हती. स्टँड वर गेला नव्हता, माती अडकली व्हती. मी पाह्यलं नाही. गाडी खोलून बसलो. तू गेल्यावर," हे माझ्याकडे बघून, "हात धुतले, निघाव म्हणलं पायी. सवयीनं तोंडात आलं, हवा, चैन, तेल. मंग खाली पाह्यलं."

ते गजाननकडे वळले.

"ते एक. दुसरं त्याहून मोठं. गाडी बंद पडली तवाच फोन कराले पायजे व्हता. चढावर गेलं की रेंज येते, मले माहीत व्हतं. मी म्हणलं, मी काढतो, मले येते. तासभर तुझ्या बहिणीचं रक्त डब्यात ठेवून मी गाडी दुरुस्त करत बसलो."

गजाननने त्यांची कॉलर धरली. कंपाउंडर पुढे झाला, यादवभाऊंनी हातानं त्याला थांबवलं. स्वतःचे हात खाली सोडलेले होते, नखांत काळी माती. यादवभाऊ म्हणाले, "ती शुद्धीवर येईतोवर मी कुठी जात नाही. मंग तुले जे कराचं ते कर. दरख्वास्त लिहाची असन तर हा बी.कॉम. लिहून देईन, अक्षर चांगलं हाय त्याचं."

मुठीतली कॉलर सुटली. गजानन बाकावर जाऊन बसला. यादवभाऊ त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मी सकाळी आलो तेव्हा दोघं तिथेच होते, मध्ये एक रिकामा चहाचा कप. थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, बाई बाळाला मागते आहे. गजानन आत पळाला. यादवभाऊ उठले आणि लॅबकडे गेले. मी मागून गेलो. का ते माहीत नाही.

ते कॅलेंडरसमोर उभे होते. लाल पेनानं दोन ओळी लिहिल्या: 'स्टँड पाहिला नाही. फोन उशिरा केला.' खाली नेहमीचे दोन शब्द. मग मागे न बघता म्हणाले,

"पट्टा सोडाले तू डावीकडं बसला व्हता. तुले दिसला व्हता का?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्यांना कधीच कळलं नसतं.

"व्हय."

"बोलला काऊन नाही?"

"तुमी निघ म्हणले. रक्त..."

"ते बरोबर केलं. रक्त पह्यले." पेनाचं टोपण लावता लावता ते थांबले. "मंग मी फोन केला तवा?"

त्यांनी टोपण लावलं नाही. पेन तसाच माझ्याकडे धरला, तोंड भिंतीकडेच. मी घेतला आणि त्यांच्या ओळींखाली माझी ओळ लिहिली. या वेळी अक्षर थरथरलं नाही. त्यांनी वाचली की नाही, मला कळलं नाही. म्हणाले, "चाल, आठ नमुने पडून हायेत कालचे."

गजाननने दरख्वास्त दिली नाही. तरी यादवभाऊंनी स्वतःच सगळं कागदावर लिहून वर पाठवलं. खुलासा मागवला गेला, चौकशीला माणूस आला, पाच महिने फाईल फिरली. त्या पाच महिन्यांत त्यांच्या बायकोनं मला दोनदा विचारलं, "तुमी तरी समजावाचं व्हतं ना त्याईले. कोण मागत व्हतं कागद?" शेवटी ताकीद देऊन फाईल बंद झाली. पेन्शन वाचली. ते कागद आल्याच्या दिवशीही त्यांनी कुणाला चहा पाजला नाही.

रिटायरमेंटच्या दिवशी शाल-नारळ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकापाशी आले, लांबच्या प्रवासाला निघालेले, कॅरियरला तंबू, सतरंजी, पाण्याचा कॅन बांधलेला. आधी माझ्या उंटाजवळ गेले, ट्यूबची पट्टी ओढून बघितली, बदलायला झाली म्हणाले. मग स्वतःच्या गाडीकडे आले. तिच्या पडद्यावर, जिथे सगळं आपोआप लिहून येतं, तिथे त्यांनी लॅबमधल्या चिकटपट्टीचा तुकडा आडवा लावला होता. त्यावर लाल पेनानं एकच शब्द होता: 'स्टँड'. निम्मा पडदा झाकला गेला होता.

मॅडम होत्या, सिस्टर होत्या, वॉचमन होता. गजानन वांग्याची पिशवी घेऊन आला होता, ती त्यांनी तंबूवर बांधली. त्यांनी अंगठ्यानं चाक दाबलं. वाकले, साखळी उचलली. काचेत बघितलं. इतक्यात वॉचमन म्हणाला, "भाऊ, पोचलं की फोन करा."

ते थांबले, सरळ झाले आणि पुन्हा चाकापासून सुरुवात केली.

गाडी हलली तेव्हा आम्ही सगळ्यांनी हात वर केले होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. ते डाव्या पायाकडे बघत होते.